बेटांचे कायदे बेटांना विचारून व्हावेत

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : राज्यघटनेच्या अनुच्छेद २४० खालील विनियम

महोदय,
स. न. वि. वि.

मी बडोद्याचा. द्वारकेकडचा ओखामंडळ हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांकडे होता आणि बेट द्वारका त्यातच येत असल्यामुळे, दूरच्या राजधानीतून बेटाचा कारभार चालणे आमच्या शहराला नवे नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही उनामार्गे दीवला गेलो होतो. परतताना चौकीवर पिशव्या उघडायला लावल्या, तेव्हा निघाले फक्त ओले टॉवेल. बडोदेकर दीवला बहुधा ज्यासाठी जातात ते न सापडल्याने हवालदाराचा हिरमोड झाला असावा. त्या चौकीच्या दोन बाजूंत फरक मात्र केवळ दारूबंदीचा नाही. चौकीच्या अलीकडचा, गुजरातचा मतदार गांधीनगरला आमदार पाठवतो, पलीकडच्याला आमदारच नाही. १९६३ च्या कायद्यानुसार गोवा, दमण व दीवच्या ३० जागांच्या विधानसभेत दीवची एक जागा होती. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, दमण व दीव विधानसभेविना वेगळा केंद्रशासित प्रदेश उरला आणि ती जागा गेली. २०२० मध्ये दादरा व नगर हवेलीशी विलीनीकरण झाले, तरी विधानसभा आली नाही.

अनुच्छेद २४० नुसार राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात आपले मंत्रालय, दीव, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारसाठी विनियम, म्हणजे कायद्याच्याच ताकदीचे नियम, करू शकते, आणि अशा विनियमाने तेथे लागू असलेला संसदेचा कायदादेखील बदलता किंवा रद्द करता येतो. २०२१ मध्ये जमीन ताब्यात घेण्याचे अधिकार देणाऱ्या लक्षद्वीप विकास प्राधिकरण विनियमाच्या मसुद्यावरून केवढा गदारोळ झाला, हे आपणांस ठाऊक आहे. लोकांनी हरकती नोंदवल्या. पण हरकतींची दखल घेतलीच पाहिजे, असे त्या अनुच्छेदात कुठेही म्हटलेले नाही.

फिनलंडच्या ऑलंड बेटांची वस्ती जेमतेम ३० हजार, लक्षद्वीपच्या निम्म्याहून कमी. तरीही तेथील स्वशासनाचा कायदा ऑलंडच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. त्यामागे तेथील लोकांच्या स्वीडिश भाषेचा आणि बेटे स्वायत्ततेसह फिनलंडकडेच ठेवणाऱ्या १९२१ च्या राष्ट्रसंघाच्या निर्णयाचा इतिहास आहे, हे मान्य. मी तेवढे मागतही नाही.

माझी विनंती इतकीच, की कोणत्याही विनियमाचा मसुदा आधी तेथील जिल्हा पंचायतीकडे स्थानिक भाषेत जावा (लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर ती मल्याळम नव्हे, महल आहे), पंचायतीने लेखी मत द्यावे आणि ते मत, मंत्रालयाच्या उत्तरासह, विनियमाबरोबरच राजपत्रात छापले जावे. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. आपल्या मंत्रालयाचे एक परिपत्रक पुरेल.

आपला,
बडोद्यातील एक मतदार