थळच्या तांडेलदादांना, मनापासून

तांडेलदादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण थळच्या किनाऱ्यावरचं कुणी हे वाचलं, तर माणूस बरोबर ओळखेल.

माघातल्या द्वादशीला तुम्ही खांदेरी बेटापाशी सोडलंत ती मी. हातात काठी, डाव्या गुडघ्याला पट्टा. तुम्ही कितीतरी लोकांची ने-आण करता, तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. मला मात्र हे लिहितानाही भरून येतंय.

शिडाच्या बोटीने कोकण किनारा बघायचा, हे माझ्या मनात नोकरीत असल्यापासून होतं. घर, मुलं, सासूबाईंचं आजारपण, मग हा गुडघा. एकदाचा योग आला. बोट मुंबईहून येऊन खांदेरीच्या आडोशाला नांगर टाकणार आणि मी थळहून जाऊन तिथे चढायचं, असं ठरलेलं. 'थळहून होडीची सोय आम्ही करतो' असं सांगून ज्यांनी सगळे पैसे आगाऊ घेतले, त्यांची होडी आलीच नाही. आधी 'निघालीच आहे मॅडम', मग फोन उचलेनात, मग फोन बंद. पैशांचं दुःख नाही. म्हाताऱ्या बाईला किनाऱ्यावर उभं करून फोन बंद करताना यांच्या जिवाला काहीच वाटत नाही का, हे मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या एकाने तर पायाकडे बघून सरळ सांगितलं, "आजी, तुमच्याच्यानं नाय होयाचं. घरी जा."

तुम्ही तेव्हा होडीतून जाळं उतरवत होतात. रात्रभर जागलेले डोळे. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून आलात आणि विचारलंत कुठे जायचंय. मग आकाशाकडे नाही, घड्याळाकडेही नाही, पाण्याकडे बघून म्हणालात, "बारस हाय. बारा पाऊण नऊ, नवाला भरती भरली. आता पानी उतरतंय. निघायचं तं आताच." तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे समुद्रापासून इतक्या जवळ आयुष्य काढून मला त्या दिवशी समजलं. भाडं आधीच सांगितलंत, तेवढंच घेतलंत. अडलेली बाई बघून वाढवलं नाहीत आणि उपकार केल्यासारखं सोडूनही दिलं नाहीत. हा व्यवहार मला फार मोलाचा वाटला.

पण हे पत्र लिहायला बसले ते त्यानंतरच्या मिनिटभरासाठी.

खांदेरीच्या दीपस्तंभाखाली ती पांढरी बोट डुलत होती. तिच्या कठड्याला एका जागी फट होती, तिथून वर चढायचं. तुम्ही होडी कुशीला लावत आणलीत, वरच्या मुलांनी हात पुढे केले, "या, या, पटकन या" सुरू झालं. मी मागच्या फळीवर तुमच्या शेजारी उभी राहिले, बोट माझ्या डाव्या हाताला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "बाय, कंचा पाय दुखतंय?"

मी म्हटलं, डावा.

काही न बोलता तुम्ही होडी सोडवलीत, पूर्ण वळसा घेतलात आणि उलट्या तोंडाने परत लावलीत. आता बोट माझ्या उजवीकडे होती. चांगला पाय आधी वर जाणार होता. वरची मुलं घाई करत होती, त्यांना हातानेच थांबवलंत. मला म्हणालात, "लाट वर आली का मी सांगतो. तवाच पाय टाका." एक लाट जाऊ दिलीत, दुसरीही जाऊ दिलीत. मग "आता!" म्हणालात आणि तुमच्या खांद्यावर भार टाकून मी वर होते. गुडघ्याला कळलंसुद्धा नाही.

दादा, या गुडघ्यापायी मी किती दवाखाने, किती जिने, किती एसटीच्या पायऱ्या चढले. 'जपून हां', 'सावकाश' सगळेच म्हणतात. कंचा पाय, हे कुणी विचारलं नव्हतं. काळजीचे शब्द मला खूप ऐकायला मिळाले आहेत. समोरच्याचं दुखणं नेमकं कुठे आहे ते विचारायचं आणि त्याप्रमाणे आपली होडी फिरवायची, हे करणारं माणूस विरळा.

आणखी एक गोष्ट मला बोटीवर गेल्यावर उमगली. तुम्ही परत पोचेपर्यंत थळला पाणी राहणार नव्हतं. होडी किनाऱ्याला लागायला संध्याकाळची भरती चढेपर्यंत थांबावं लागणार होतं. म्हणजे रात्रभर मासेमारी करून आलेला माणूस माझ्यासाठी दिवसभर उन्हात पाण्यावर अडकला. निघताना याचा एक शब्दही तुम्ही काढला नाहीत. मी पुन्हा वळून बघितलं तेव्हा तुम्ही खांदेरीच्या सावलीकडे होडी नेत होतात.

१६७९ मध्ये महाराजांनी याच बेटावर तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला होता. मोठी जहाजं वाऱ्यावाचून खोळंबायची आणि आपल्या वल्ह्यांच्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात माणसं आणि दाणागोटा बेटावर पोचवायच्या. २०२५ मध्ये खांदेरीचं नाव जागतिक वारसा यादीत लागलं, आनंदच झाला. पण त्या होड्या वल्हवणाऱ्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. ती माणसं कशी असतील, याचा मला आता अंदाज आहे.

दुपारी खारा वारा सुटला, इंजिन बंद झालं, शीड भरलं. अलिबागचा कुलाबा किल्ला, कोर्लई, पद्मदुर्ग, पुढे सुवर्णदुर्ग, सगळं समुद्राकडून बघितलं. मन भरून बघितलं. ते तुमच्यामुळे.

पावसाळा सरून समुद्र निवळला की मी थळला येणार आहे. खांदेरीच्या वेताळाला नारळ द्यायचा आहे, धाकटी बहीणही सोबत येईल. तिचा उजवा पाय दुखतो. होडी तुमचीच हवी. तिथी बघून, पाऊणपट करून, भरतीच्या आधी तासभर किनाऱ्यावर हजर राहीन.

तुमची,
पेणची बाय