नाकातले जंतू आणि सिस्टरचा दोष

मा. संपादक,

सर्जिकल वॉर्डात ३१ वर्षं नर्स म्हणून ड्युटी करून रिटायर झाले, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलमधल्या इन्फेक्शनबद्दल बोलणं निघालं की सगळे जण सिस्टर नाहीतर वॉर्डमधल्या मावशींकडे बोट दाखवतात, ते थांबायला पाहिजे.

आमच्याकडे एकदा ओळीने तीन पेशंटच्या टाक्यांना पू झाला, कल्चरमध्ये, म्हणजे पू लॅबमध्ये तपासल्यावर, एमआरएसए आला, म्हणजे स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) नावाच्या जंतूचा तो प्रकार ज्याला नेहमीची अँटिबायोटिक लागू पडत नाहीत. मग सगळ्या स्टाफच्या नाकातले स्वॅब घेतले, कापसाची काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची, बास. एका मावशींचा पॉझिटिव्ह आला. त्यांना ना ताप ना सर्दी, काहीच त्रास नव्हता, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याबरोबर कोणी डबा खाईना, पाण्याचा ग्लाससुद्धा वेगळा ठेवला. त्यांनी हे पेशंटकडून घेतलं की पेशंटला दिलं हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी दोष मात्र त्यांचा.

साधा स्टॅफ जंतू जवळजवळ दर तिसऱ्या माणसाच्या नाकात असतोच, तुमच्या माझ्यासुद्धा असू शकतो. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक बाजारात आलं १९५९ ला आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफ, म्हणजेच एमआरएसए, सापडलासुद्धा. हॉस्पिटलमध्ये औषधांचा मारा सतत असतो त्यामुळे असले जंतू तिथे जास्त टिकतात, मग नाकातून हाताला, हातातून ड्रेसिंगला असा त्यांचा प्रवास चालू राहतो.

आणि हात म्हणाल तर फक्त सिस्टरचे नाहीत हो. चिकटपट्टीचा रोल बघा, ट्रॉलीच्या दांडीला अडकवलेला असतो, एकाच्या जखमेला लावून झाला की तोच दुसऱ्याच्या सलाईनला, त्याच्या कडेला काळा मळ चढलेला मी रोज बघितलाय. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, सगळ्यांचे मोबाईल, ते कोण पुसतं? हात साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि सॅनिटायझरने २० ते ३०, पण रात्रपाळीला ४० पेशंटमागे एक सिस्टर आणि बेसिन वॉर्डच्या टोकाला असेल तर प्रत्येक पेशंटनंतर तिने ते करायचं कसं? आमच्याकडे बेडच्या कडेला लावलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या आठवड्यात रिकाम्या व्हायच्या, नव्यासाठी इंडेंट, म्हणजे स्टोअरला मागणीचा कागद, पाठवून महिना जायचा.

नेदरलँड्समध्ये स्टाफमध्ये एमआरएसए सापडला तर उपचार होईपर्यंत पेशंटपासून लांब ठेवतात. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टवरच्या मावशीला घरी बसवलं तर तिचा पगार कापला जातो, मग ती स्वॅब द्यायला येईल तरी कशाला? उपचार काही मोठा नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकात पाच दिवस म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने अंघोळ, इन्फेक्शन नाकातून पुष्कळदा जातं, कधी परतही येतं.

म्हणून सरकारी आणि खाजगी, सगळ्याच हॉस्पिटलांना कळकळीची विनंती आहे की इन्फेक्शनची साथ आली तर तपासणी सगळ्यांची करा, सर्जनसाहेबांपासून वॉर्डबॉय मामांपर्यंत, रिपोर्ट ज्याचा त्यालाच सांगा, मलम फुकट द्या आणि तेवढे दिवस भरपगारी रजा. आमच्या त्या मावशींचे पुढचे दोन्ही स्वॅब निगेटिव्ह आले होते, पण तो कागद नोटीस बोर्डवर कोणी लावला नाही, पहिला मात्र लावला होता.

एक निवृत्त स्टाफ नर्स
(कृपया नाव छापू नये)