सेन्सर उपटण्याआधी हे वाच

नाशिक,
सोमवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचला. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घोंघावतंय, रविवारी गाडी खोलायची आहे आणि मिस्त्री म्हणतोय की आधी एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर काढून बाजूला ठेवू. तेवढं वाचूनच जीव खालीवर झाला. फोनवर अर्धं राहून जाईल, म्हणून बसून लिहितोय.

सेन्सर नीट काम करत असेल तर त्याला हात लावू देऊ नकोस. माझ्या हातून एक चांगला सेन्सर असाच मेलाय.

आबांची २००८ची गाडी तुला माहीत आहे. आबा रत्नागिरीला होते तेव्हा नऊ वर्षं ती मिऱ्याच्या बाजूला उघड्यावर उभी असायची. वरून अजून चकाचक दिसते, पण खारा वारा खालून खातो. नाशिकच्या कोरड्या हवेत आणली म्हणून आधीचा गंज काही परत जात नाही. दिवाळीनंतर तिचंही बेअरिंग वाजायला लागलं. पाथर्डी फाट्याच्या घरी अंगणातच गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या, चाक उतरवलं. सेन्सरचा दहाचा बोल्ट निमूट निघाला. सेन्सर मात्र तसूभर हलेना. मी त्याच्या कानाखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं आणि कट् असा बारीक आवाज झाला. प्लॅस्टिकचा कान आणि वायर माझ्या हातात, धड नकलमध्येच, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या जाड लोखंडी भागात. सकाळपर्यंत डॅशबोर्डवर बिघाडाचा एकही दिवा लागत नव्हता रे!

नंतर बॅटरी लावून आत पाहिलं. भोकाच्या कडेने तपकिरी पापुद्र्यांवर पापुद्रे चढलेले, मध्ये सेन्सर आवळून धरलेला. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं. नकल ओतीव लोखंडाची, भोक जेमतेम सेन्सरच्या मापाचं, मग तो गंज आतल्या प्लॅस्टिकलाच चिमटीत धरतो. वर खेचलं की कान तुटणार हे ठरलेलंच.

आणि बेअरिंगसाठी तो काढायची गरजच नव्हती. मडगार्डच्या आत वायरचा कनेक्टर असतो, तो सोडवायचा. वायरच्या क्लिपा मोकळ्या करायच्या आणि नकल सेन्सरसकट उतरवून प्रेसवर, म्हणजे बेअरिंग दाबून काढणाऱ्या-बसवणाऱ्या यंत्रावर न्यायची. प्रेसवाल्याला फक्त बजाव की आत सेन्सरचं टोक आहे, बेअरिंग ढकलायला लावलेला पाइपचा तुकडा त्याला घासता कामा नये. तुझ्या गाडीत सेन्सर बेअरिंगच्या हबमध्येच, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, बसवलेला असेल तर तो जुन्याबरोबर जाईल आणि नव्याबरोबर येईल, मग हा सगळा प्रश्नच मिटला.

पण मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंयस की सिग्नलला थांबताना, गाडी अगदी हळू झाली की पेडलखाली कधीकधी गुरगुरतं. ते सहज घेण्यासारखं नाही. सेन्सरच्या बुडाखाली गंज साठला की तो सेन्सरला वर ढकलतो, सेन्सर आणि तो जिच्यावरून वेग मोजतो ती चाकाबरोबर फिरणारी रिंग यांच्यातली फट वाढते. वेग कमी झाला की सिग्नल क्षीण होतो, एबीएसच्या कंट्रोल युनिटला वाटतं चाक लॉक झालं, आणि एबीएस उगाच कामाला लागतं. मात्र ढिलं बेअरिंगही हेच करतं, कारण हब डुलला की फट कमीजास्त होते. म्हणून आधी गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून सावकाश चालव आणि चारही चाकांचे वेग बघ, कोणतं चाक मध्येच शून्यावर जातं ते कळेल. मग बेअरिंग बदल. त्यानंतरही गुरगुर राहिली तरच सेन्सर काढायचा.

काढावाच लागला तर दोन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मार. ओढायचा नाही, फिरवायचा. पकडीने बुडाशी धरून केसभर इकडे, केसभर तिकडे. तो फिरायला लागला की निम्मं काम झालं. हब उतरवलेला असेल तर बऱ्याच गाड्यांत आतून सेन्सरचं टोक दिसतं, तिथे लाकडी किंवा पितळी दांडी ठेवून हलके ठोके दे. नवा सेन्सर हातात असल्याशिवाय हे सुरूच करू नकोस.

तुटलाच तर मधोमध बारीक ड्रिल, मग एकेक नंबर मोठं. शेवटी कडेला पातळ साल राहू दे आणि ती बारीक छिन्नीने आत दुमडून काढ. ड्रिल भोकाच्या भिंतीला लागता कामा नये. सेन्सर बाजारात मिळतो, नकल महाग पडते. हे सगळं बेअरिंग काढलेलं असतानाच कर. नव्या बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकी रिंग असेल तर लोखंडाचा कीस तिला चिकटून बसतो. आणि ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर दिवा लागतो. टाचणी टेकवून बघ, चुंबकी बाजू टाचणीला धरून ठेवते.

मग भोक. मला दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली एक पूर्ण भोक साफ करण्यात गेली, आणि ती सगळ्यात कामाची ठरली. आतून इमरी पेपर, आणि सेन्सर जिथे टेकतो ती सपाट जागा लखलखीत होईपर्यंत घासायची. तिथला पापुद्रा राहिला तर नवा सेन्सरही वरच बसेल. साफ भोकात तो बोटाच्या दाबाने जातो. हातोडी लागत असेल तर अजून घास. जाताना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दे. तांब्याचं ग्रीस तिथे नको, त्यात धातूची पूड असते.

मला एकाने सांगितलं होतं, "एबीएसच्या दिव्याचा बल्बच काढून टाकू, पूर्वीच्या गाड्यांना कुठे एबीएस होतं?" तुलाही कोणीतरी सांगेल. नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून, आपल्या गाड्या त्याआधीच्या. पण तू काकूंना घेऊन पावसाळ्यात ताम्हिणी उतरतोस. एबीएसचा पिवळा दिवा लागला तरी साधे ब्रेक लागतात, ओल्या वळणावर चाक लॉक होण्यापासून वाचवणारं मात्र काही उरत नाही. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मागच्या चाकांवरचा दाब सांभाळणारी व्यवस्थाही गेलेली असू शकते. त्या गाडीने घाट उतरायचा नाही, हे मी तुला हात जोडून सांगतो.

आबांची गाडी जोडल्यावर पहाटे त्र्यंबक रोडला नेली. थोडं अंतर गेल्यावर दिवा विझला. आबा शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवर दोनदा हात फिरवला.

रविवारी तुझा मिस्त्री घाई करत असेल तर काम थांबव. मी पुढच्या शनिवारी ड्रिलचे बिट घेऊन महाडला येतो, दोघं मिळून करू. कोणता सेन्सर आहे तो नंबर तेवढा कळव, इथून घेऊन येतो.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
नाशिकवाला