निन्जाचा पंचा

नागोया, रविवार रात्र

प्रिय अव्या,

तुझा निरोप मिळाला. चिकूला गॅदरिंगसाठी निन्जाचा ड्रेस हवाय. काळा, तोंड झाकणारा, पाठीला तलवार, आणि वर "खरा जपानचाच" अशी अट. काका नागोयात राहतो म्हटल्यावर पोराचंही काही चुकत नाही. म्हणून मागच्या शनिवारी मुद्दाम निन्जांच्या मूळ मुलखात, इगाला, जाऊन आलो. ड्रेस दुकानोदुकानी आहेत. पण दिवसभर तिथे भटकल्यावर तो घ्यायला हातच होईना. का ते सांगतो, चहा घेऊन बस.

इगा म्हणजे चारी बाजूंनी डोंगर असलेलं वाटीसारखं खोरं. उत्तरेचा डोंगर ओलांडला की कोका, निन्जांचा दुसरा मुलूख. क्योतो फार लांब नाही, पण मध्ये खिंडीच खिंडी, त्यामुळे कुणा मोठ्या सरदाराचा इथे कधी धड जम बसला नाही. १४६७ नंतर जपानभर शंभराहून अधिक वर्षं जी बेबंदशाही माजली, तीत इगातल्या छोट्या छोट्या जमीनदारांनी आपसांत करार करून मुलूख स्वतःच सांभाळला. त्या कराराची कलमं आज वाचायला मिळतात. परका शत्रू आला तर गावागावांत घंटा वाजवायच्या आणि १७ ते ५० वयाच्या प्रत्येकाने निघायचं. घराघराभोवती मातीचे बांध, लहानशा गढ्या. आता तिथल्या छोट्या रेल्वेच्या तोंडावर निन्जाचे बटबटीत डोळे रंगवलेत, ते सोड.

या लोकांना शेजारचे सरदार पैसे देऊन बोलवायचे. कामं कसली? शत्रूच्या छावणीत किती माणसं, किती दाणागोटा, खंदक केवढा खोल, हे बघून यायचं. रात्री किल्ल्यात शिरून आग लावायची, म्हणजे बाहेरच्या फौजेचं काम सोपं. १५६२ मध्ये मिकावा प्रांताचा सरदार, पुढे शोगुन म्हणजे जपानचा सत्ताधीश झालेला इएयासू, याने कामिनोगो किल्ल्यावर कोकाची माणसं अशीच घातली. किल्लेदाराची दोन मुलं हाती लागली आणि त्यांच्या बदल्यात इएयासूने शत्रूकडे ओलीस असलेली स्वतःची बायको आणि मुलगा सोडवून घेतला.

आणि 'निन्जा' हा उच्चारही त्या काळचा नाही बरं का, तो विसाव्या शतकात रूढ झाला. तेव्हा म्हणत शिनोबी. प्रांताप्रांताची नावंही निराळी: रप्पा, सुप्पा, आणि मला सगळ्यांत आवडलेलं 'कुसा', म्हणजे चक्क गवत. रात्रभर गवतात पडून राहणारा, म्हणून तोच गवत!

इगाचं पुढे वाईट झालं. १५७९ मध्ये त्या काळचा सगळ्यात बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा, त्याच्या मुलाने, नोबुकात्सूने, बापाला न विचारता इगावर स्वारी केली आणि सपाटून मार खाल्ला. बापाने पत्र लिहून त्याची अशी खरडपट्टी काढली की वाचताना आपलेच कान लाल व्हावेत. पण १५८१ मध्ये नोबुनागाने स्वतःच ४० हजारांहून जास्त फौज अनेक वाटांनी एकदम आत घातली. मग कसला गनिमी कावा? गावं जाळली, देवळं जाळली. जिवंत राहिले ते शेजारच्या मुलखांत पांगले.

पुढच्याच वर्षी क्योतोत नोबुनागाचा घात झाला. त्याचा दोस्त इएयासू तेव्हा ओसाकाजवळच्या साकाईत, बरोबर मूठभर माणसं, आणि घर लांब मिकावात. तो कोका-इगाच्या डोंगरांतून निसटला, समुद्र गाठला आणि होडीने घरी पोचला. वेगळ्या वाटेने गेलेला त्याचा सोबती आनायामा वाटेतच मारला गेला. इएयासूच्या बरोबर हात्तोरी हान्झो होता. त्याच्या बापाचं मूळ इगातलं, पण हा जन्मला वाढला मिकावात, आणि नाव कमावलं भालाईत म्हणून. चिकूला हे सांगू नकोस, त्याचा सगळ्यात आवडता निन्जा बहुधा हाच. इगाच्या लोकांना मग इएयासूची चाकरी मिळाली, हान्झो त्यांचा नायक. तोक्योत आजही हान्झोमोन नावाची मेट्रो धावते.

मला सगळ्यात जास्त भावली ती मात्र फजितीची गोष्ट. १६३७-३८ मध्ये दक्षिणेच्या क्यूशू बेटावर शिमाबाराला ख्रिस्ती शेतकऱ्यांचं बंड झालं, हारा किल्ल्याला वेढा पडला. सरकारी सेनापतीबरोबर कोकाचे दहा जण होते. त्यांनी खंदकाची खोली, तटाची उंची, वाटांची अवस्था सगळं मोजून आणलं, रात्री धान्याची पोतीही पळवली. एका रात्री आत शिरले तर दोघं खड्ड्यात पडले. तरी वर येऊन शत्रूचं निशाण उचललं आणि दगडांचा मार खात परतले. पण आत मिसळून राहणं काही जमेना. कारण? क्यूशूची बोली आणि त्यात ख्रिस्ती शब्द, एक अक्षर कळेना! सदाशिव पेठेतला माणूस मालवणात हेर म्हणून पाठवावा, तसं झालं. या गड्यांची सगळी ताकद आपल्या मुलखाची, आपल्या बोलीची. आणि तोवर ते तर लढाई न पाहिलेले नातू-पणतू.

लढाया संपल्यावर मग ग्रंथ लिहिले गेले. इगाच्या फुजिबायाशीचा 'बान्सेनशूकाइ' १६७६ चा, म्हणजे आपल्याकडे राज्याभिषेकाला दोन वर्षं झालेली. १६८१ च्या 'शोनिन्की'त सात सोंगं दिलीत: बासरीवाला भिक्षू, बौद्ध साधू, डोंगरातला तपस्वी, व्यापारी, डोंबारी, नाटकवाला, आणि सातवं... चारचौघांसारखा माणूस. बहुरूप्याने कसलंच रूप न घेणं, काय डोकं आहे बघ! काळा पोशाख बहुतेक रंगभूमीवरून आला असं सांगतात. तिथे काळ्या कपड्यांतले मदतनीस वावरतात आणि प्रेक्षकांनी त्यांना पाहिलंच नाही असं धरायचं असतं.

'शोनिन्की'तच सोबत न्यायच्या सहा वस्तू आहेत. विणलेली टोपी, आकडा लावलेला दोर, लिहायला पाटीवरची पेन्सिल, औषध, विस्तव, आणि तीन फुटी सुती कापड. म्हणजे आपला पंचाच रे! तोंड बांधा, जखम बांधा, पाणी गाळा. तलवारीचं नाव नाही.

तर चिकूला ड्रेसऐवजी इगाहून दोन निळे पंचे घेतलेत, उद्या पोस्टात टाकतो. तो रडला तर काळा ड्रेसही घेईन, उंची कळव. आणि वहिनींना सांग, एक पंचा त्यांनी स्वयंपाकघरात लंपास केला तरी चालेल.

तुझा,
शिऱ्या