बाबा, तिकिटं रद्द केली आहेत

एडिसन, न्यू जर्सी
लक्ष्मीपूजन, ७ नोव्हेंबर २०१८

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बाबा, सकाळी फोनवर तुमचा आवाज ऐकून वाटलं, निवडून तुम्हीच आलात! "हाउस गेलं ट्रम्पच्या पक्षाच्या हातचं, आता तुझं ग्रीन कार्ड निघणार आणि डिसेंबरात तू येणार." मी नुसतं हूं हूं केलं. बोलवेना, म्हणून लिहितोय. डिसेंबरची तिकिटं मी मागच्या आठवड्यातच रद्द केली.

रागवू नका, आधी ऐका. कालच्या निवडणुकीत हातचं गेलं ते खालचं सभागृह. वरचं, म्हणजे सेनेट, त्यांच्याकडेच, आणि सही करणारे ट्रम्पच. एका देशाला सात टक्क्यांवर कार्डं नाहीत, ही अट कायद्यातली. एका सभागृहाने ती हलत नाही. माझा अर्ज २०१३चा, रांग अजून २००९च्या अर्जांवर. हिचं नोकरीचं परमिट तर २०१५च्या नुसत्या नियमावर आहे, तो काढायला सरकारला सभागृहाला विचारावंही लागत नाही. त्यात आम्हा दोघांचे पासपोर्टवरचे व्हिसे संपलेत. तिकडे आलो की परतण्याआधी वकिलातीत नव्या व्हिशाचं स्टॅम्पिंग आलंच. ऑफिसातला एक जण त्यातच तीन महिने अडकला. चिऊची शाळा, घराचे हप्ते... आई, पैशाचं कारण नाही हं, तसं मनात आणू नकोस.

इथे सगळं छान आहे. काल पहाटे उटणं लावून अंघोळी झाल्या, तुझ्या भाजणीचा शेवटचा डबा काढला. चकल्या तुटल्या, चव तुझीच. मग चिऊला घेऊन शाळेपाशी मतदान बघायला गेलो. शेजारच्या आजी बाहेर आल्या, बोटाला शाई नाही, कोटावर नुसता स्टिकर. तो त्यांनी चिऊला चिकटवला. आमच्या घरात मताचा हक्क एकट्या तिचा, आणि वय सहा! बाबा, तुम्ही इलेक्शन ड्यूटीवरून पेटी जमा करून रात्री यायचात आणि मी शाईसाठी भोकाड पसरायचो. एकदा आईने बोटाला कपड्यांची नीळ लावून निजवलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गभर मिरवलो.

आता मुकाट्याने ऐकायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन 'तो आल्यावर' नाही, याच महिन्यात. ताई रजा काढतेय, तिला नको म्हणू नका. बीपीची गोळी सकाळीच. अमेरिकेच्या बातम्यांसाठी रात्री जागायचं नाही. इथे मला कुणी विचारत नाही, तुम्हाला कोण विचारणार? न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला शनिवारी मिस्त्री येईल, पैसे दिलेत, घासाघीस नको.

मे महिन्यात तुम्हीच या. खालची खोली रिकामी केलीय, जिने चढायचे नाहीत. चहा सकाळी साडेपाचला मिळेल, शपथ.

आई, माझी गादी माळ्यावरून काढून उन्हात टाकली असशील. परत वर चढवायला ताई येईपर्यंत थांब.

तुमचा,
बाळू