निवती रॉकवर पर्यटकांसोबत उंदीर उतरू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉकजवळच्या समुद्रात तळाशी बसवायची, तिच्यावर कृत्रिम प्रवाळ वाढू द्यायचे आणि पर्यटकांना ते सारे पाण्याखाली नेऊन दाखवायचे, या प्रकल्पाच्या बातम्या आम्ही सिंधुदुर्गवासी उत्सुकतेने वाचत आलो आहोत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या या कामामुळे निवती, भोगवे, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या मुलांना घराजवळ रोजगार मिळणार असेल, तर त्याला विरोध करण्याचे काही कारण नाही आणि हे पत्र विरोधासाठी लिहिलेलेही नाही. मात्र ज्या खडकाचे नाव या प्रकल्पामुळे मुंबई-पुण्याच्या पर्यटकांच्या तोंडी बसणार आहे, तो आजवर माणसांच्या वर्दळीपासून लांब राहिला म्हणूनच टिकला आहे. त्यावर वीण करणाऱ्या पक्ष्यांना होड्यांतून येणाऱ्या उंदरांपासून राखण्यासाठी एक साधी, कमी खर्चाची व्यवस्था पर्यटक येण्याआधीच लावून ठेवायला हवी, तिकडे आपल्या पत्रामार्फत संबंधितांचे लक्ष वेधावे, असे वाटते.

निवती रॉक किंवा नकाशावरचे वेंगुर्ला रॉक्स म्हणजे किनाऱ्यापासून बरेच आत, उघड्या समुद्रात उभा असलेला लहान-मोठ्या खडकांचा समूह. एकावर दीपगृह आहे. इंग्रजांनी बर्न्ट आयलंड म्हटलेल्या बेटाच्या पोटात लाटांनी कोरलेल्या गुहा आहेत आणि त्या गुहांत भारतीय पाकोळी (इंडियन स्विफ्टलेट) या लहान पक्ष्यांची वसाहत आहे. काळोखात या पाकोळ्या टकटक असा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढत कातळाच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर येऊन बसतात. घरटे म्हणजे स्वतःच्या लाळेने कातळाला चिकटवलेली अर्धी वाटी; ओली असताना पांढुरकी, सुकल्यावर टणक, मधून मधून शेवाळ आणि पिसे गुंफलेली. त्यात दोन अंडी. ही वाटी पुरी व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि ती कुणी खरवडून नेली तर पक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. परदेशात या घरट्यांचे महागडे सूप करतात, त्यासाठी इथली घरटी काढून पाठवण्याचा चोरटा धंदा चालत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या शतकाच्या आरंभी तो उजेडात आणला आणि वनखात्याच्या साहाय्याने रोखला, हे जुन्या वाचकांना स्मरत असेल. पक्षीअभ्यासकांना ही बेटे त्याच्याही फार आधीपासून ठाऊक आहेत. हुमायून अब्दुलअली यांनी गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकाच्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात येथील पाकोळ्या आणि सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांविषयी लिहिले आहे.

सुरयाची गोष्ट पाकोळीहून वेगळी आणि अधिक नाजूक. पाकोळीचे घरटे निदान उभ्या कातळावर असते. येथे वीण करणारा सुरय मात्र खडकाच्या सांदीत, जमिनीलगत एकच अंडे घालतो. त्याच्याजवळ संरक्षणाचे साधन एकच : जिथे चार पायांचा शत्रू नाही अशी जागा निवडणे. समुद्रातल्या एकाकी खडकांवर हे पक्षी हजारो वर्षे वीण करत आले ते या एका भरवशावर. जिथे हा भरवसा मोडला तिथे पुढे काय झाले, याचे दाखले उष्ण कटिबंधातल्या बेटांवर जागोजाग आहेत.

त्यांतला एक तपशिलाने सांगण्यासारखा आहे. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात काही बेटांवर पूर्वी जहाजांतून आलेले उंदीर आहेत आणि काही बेटे उंदरांविना राहिली आहेत. निकोलस ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी सहा-सहा बेटे शेजारी ठेवून अभ्यास केला. तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झाला. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी उंदरांच्या बेटांच्या ७६० पट आढळली, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून जमिनीला मिळणारा नत्र २५१ पट. खरी दखल घ्यावी अशी गोष्ट यापुढे आहे. हे पक्षी दूरच्या समुद्रात मासे खातात आणि त्यांची शिट बेटावर पडते. पावसाबरोबर तिच्यातले नत्र भोवतालच्या पाण्यात उतरते, त्यावर शेवाळ आणि स्पंज पोसतात, त्यांवर मासे. उंदीर नसलेल्या बेटांलगतच्या प्रवाळावर माशांचे एकूण वजन सुमारे ४८ टक्क्यांनी जास्त भरले. म्हणजे बेटावर अंडी खाणारा उंदीर पाण्यातली मासळीही खातो, फक्त ते कुणाला दिसत नाही.

चागोस प्रवाळाची कंकणद्वीपे आणि आपली बेटे कातळाची, तेव्हा तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावणे बरोबर होणार नाही. पण शिट, पाऊस, शेवाळ आणि मासा ही साखळी सगळीकडे सारखीच, आणि पावसाच्या बाबतीत सिंधुदुर्गाने कुणाकडे उसनवारी करण्याची वेळ नाही. ज्या पाण्यात कृत्रिम प्रवाळ वाढवायचे, मासे गोळा व्हावेत म्हणून आख्खी युद्धनौका बसवायची, त्याच पाण्याला वर्षानुवर्षे खत पुरवणारे पक्षी शेजारच्या खडकावर असतील, तर त्या खडकाची काळजी हा प्रकल्पाचाच भाग धरला पाहिजे. हिशेबाने पाहिले तरी हे फायद्याचे आहे. आपले तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आकाशात घिरट्या घालून पाण्यावर पडणारी पाखरे पाहूनच कित्येकदा होडीची दिशा ठरवतात. त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता उंदीर जातो कसा? किनाऱ्यालगतच्या बेटावर तो पोहत जाऊ शकतो. भर समुद्रातल्या खडकावर त्याला माणूसच नेतो. होडीच्या पुढल्या भागात गुंडाळून ठेवलेला जाड दोर, त्याखाली दिवसेंदिवस न हललेली ताडपत्री, शेजारी तांदळाचे पोते आणि खोबऱ्याचे चार तुकडे, एवढी जागा त्याला पुरते. होडी खडकाला बांधली की तोच दोर त्याचा पूल होतो. एक गाभण मादी उतरली तरी पुरे. जाता जाता एक नोंद : जगभरच्या बेटांवर पक्ष्यांचा संहार करणारा काळा उंदीर मूळचा आपल्याच उपखंडातला आणि जहाजांबरोबर जग फिरलेला. तो इथलाच असल्यामुळे ‘त्यात काय विशेष’ असे म्हणण्याची चूक आपल्याकडे सहज होईल. किनाऱ्यावरच्या वाडीत तो स्थानिक असेल, समुद्रातल्या खडकावर तो परकाच. दर पावसाळ्यात लेप्टो या उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या भीतीने उंदरांविषयी पत्रके वाटणाऱ्या आपल्या जिल्ह्याला उंदराची चिकाटी निराळी सांगायला नको. उंदराच्या पाठोपाठ येतो तो कावळा. पर्यटकांनी टाकलेले वडापावचे कागद आणि उरलेसुरले अन्न जिथे पडते तिथे कावळे वस्तीला येतात, आणि अन्न संपले की अंड्यांकडे वळतात.

यावरचा उपाय हिंदी महासागरातल्याच सेशेल्स या द्वीपदेशातल्या कझिन या लहानशा बेटाने करून दाखवला आहे. पूर्वी तिथे नारळाची बागायत होती आणि सेशेल्स वॉर्बलर हा जगात दुसरीकडे कुठेही न उरलेला चिमुकला पक्षी तिथे तिसाच्याही आत आला होता. १९६८ साली पक्षीसंरक्षणासाठी हे बेट विकत घेण्यात आले, माड काढून मूळचे रान वाढू दिले गेले (कोकणी माणसाला हे वाचताना जरा जड जाईल), आणि आज हा पक्षी काही बेटांवर मिळून तीन हजारांहून जास्त संख्येने आहे. तिथे पर्यटकांना बंदी नाही. पर्यटक आपापल्या बोटींतून बेटाच्या जवळपर्यंत येतात, मात्र बेटावर उतरतात ते बेटाच्या स्वतःच्या होडीतून. बाहेरची कुठलीही बोट काठाला लागत नाही, त्यामुळे तिच्यातला उंदीरही लागत नाही. ही रीत आपल्याकडे बसवणे अशक्य नाही. निवतीच्या होडीवाल्यांच्या संस्थेला एक उघडी, फळ्यांखाली पोकळी नसलेली, अन्नधान्य कधीही न वाहणारी होडी द्यावी आणि खडकाजवळची शेवटची वाहतूक तिच्याकडेच सोपवावी. रोजगार गावातच राहील आणि कोण किती वेळा तिकडे गेले याची नोंदही आपोआप होईल.

येथे मालवणचा अनुभव सांगणे भाग आहे. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा. कागदावर उत्तम योजना. परंतु ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्या मच्छीमारांना विश्वासात घेतले न गेल्यामुळे अभयारण्य म्हटले की तालुक्यात आजही कपाळावर आठ्या पडतात. निवती रॉक त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर, दक्षिणेला आहे. पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आणि त्याच्या घराला नाही, अशी विचित्र स्थिती त्यामुळे झालेली आहे. तरीही आणखी एक अभयारण्य जाहीर करा, असे मी म्हणणार नाही. गावाला बरोबर घेऊन केलेली कामे कोकणात टिकली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची अंडी राखण्याचे काम २००२ पासून गावकऱ्यांच्या हातून झाले. वनखात्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या साथीने, जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली, आणि कासवे व व्हेल शार्क सोडून दिल्याच्या बातम्या त्यानंतर वरचेवर येऊ लागल्या.

वेळेचाही विचार व्हावा. समुद्र खवळल्यावर, म्हणजे मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात आणि तेवढा काळ खडकांची राखण समुद्रच करतो. अडचण त्याआधीची आहे. पाकोळ्यांच्या घरट्यांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस पडेपर्यंतचा, आणि आपल्याकडे पर्यटकांची सर्वांत मोठी गर्दी एप्रिल-मेच्या सुट्टीत. पाण्याखालची नौका पाहायला या काळात कुणी आले तर हरकत नाही, पण गुहांच्या तोंडाशी होड्या नेणे, इंजिन चालू ठेवून आत डोकावणे, मोबाइलचे झोत मारणे आणि ड्रोन उडवणे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पूर्ण बंद असले पाहिजे. बेटावर उतरण्याची परवानगी तर दीपगृहाचे कर्मचारी आणि नोंदणीकृत अभ्यासक सोडून कुणालाच नसावी. दीपगृहासाठी जाणाऱ्या सामानाचीही किनाऱ्यावरच झडती व्हावी. पोती रिकामी करून झाकणाच्या पिंपांत माल भरला तरी निम्मा धोका टळतो.

आणि प्रकल्प सुरू होण्याआधी एकदा नीट मोजणी व्हावी. उंदीर शोधण्याचा जगभर वापरला जाणारा प्रकार फार सोपा आहे : शेंगदाण्याचा किंवा खोबऱ्याचा वास लावलेले मेणाचे तुकडे खडकावर ठरावीक अंतराने ठेवायचे आणि काही रात्रींनंतर त्यांवर दातांच्या खुणा उमटल्या का ते पाहायचे. पाण्याखालच्या पाहणीसाठी तारकर्लीला महामंडळाचीच स्कूबा डायव्हिंग संस्था आहे, खडकावरच्या पाहणीसाठी सागरी जीवसृष्टीवरही काम करणारे कांदळवन प्रतिष्ठान आहे, आणि दोघांना नेऊन आणायला निवतीचे तांडेल आहेत. या पाहणीचा अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मच्छीमार संस्थेच्या कचेरीत लागावा.

प्रवासी होड्यांचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडून १ सप्टेंबरपासून सुरू होणाऱ्या हंगामासाठी दिले जातात. वेगळ्या होडीची, झडतीची आणि फेब्रुवारी ते मे या काळात गुहांपासून दूर राहण्याची अट या परवान्यांतच छापली गेली तर नवा कायदा करण्याची गरज पडणार नाही. त्यासाठी महामंडळ, सागरी मंडळ, वनखाते आणि निवती परिसरातल्या मच्छीमार संस्था यांची एक बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी पाऊस संपण्याआधी बोलवावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग