सुटकेची बातमीही नावानिशी द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फोंडा तालुक्यात मी सत्तावीस वर्षं घरोघरी पेपर टाकतो. सहा वर्षांपूर्वी भर पावसात एका देवळाची फंडपेटी फुटली आणि आमच्याच वाड्यावरच्या एका वायरमन पोराला पोलिसांनी उचललं. दुसऱ्या दिवशी पहाटे गठ्ठा सोडला तर एका दैनिकाच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो, दोन्ही बाजूंना पोलीस, हातात बेड्या. वर मथळा : 'फंडपेटी फोडणारा गजाआड'. त्याचा बाप रोज दारात उभा राहून माझ्या हातून पेपर घ्यायचा. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवलं नाही. अंक सोप्यावर ठेवला आणि तसाच पुढे गेलो.

खटला चार वर्षं चालला. बापाला सोबत म्हणून मीही अनेकदा कोर्टात आणि वकिलांकडे गेलो. पंचांनीच साक्षीत सांगितलं की आमच्या सह्या पोलीस ठाण्यात घेतल्या, देवळाकडे आम्ही गेलोच नव्हतो. पोर निर्दोष सुटला. त्याच दैनिकात सातव्या पानावर चार ओळी आल्या, 'संशयिताची मुक्तता' म्हणून. नाव नाही, फोटो नाही.

वकिलांनीच मला समजावलं की गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकार पक्षावर असतं, तोवर माणूस निर्दोषच धरायचा. आपल्याकडे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात काही बाबतींत हे ओझं आरोपीवर येतं, पण तिथेही पायाभूत गोष्टी आधी सरकारलाच सिद्ध कराव्या लागतात. फ्रान्सने हे तत्त्व १७८९ च्या जाहीरनाम्यातच लिहून ठेवलं. तिथे २००० सालापासून, शिक्षा न झालेल्या माणसाचा बेड्यांतला, ओळखू येईल असा फोटो त्याच्या संमतीशिवाय छापायला बंदी आहे. ज्या पोर्तुगालच्या पासपोर्टवर आपली इतकी माणसं बाहेर गेली, त्याच्या १९७६ च्या घटनेत कलम ३२ आहे. अंतिम निकालात दोषी ठरेपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, आणि बचावाला धक्का न लावता खटला शक्य तितक्या लवकर चालवावा, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच वाक्यात आहेत. ते ऐकताना मला आमच्या पोराच्या तारखा आठवत होत्या. त्या चार वर्षांत त्याला वाड्यावर कुणी साधा पंखा दुरुस्त करायलाही बोलावलं नाही. ठरलेलं लग्न मोडलं. कोर्टाने त्याला दोषी म्हटलंच नव्हतं, तो मथळा आम्हीच निकाल म्हणून वाचला. मीही वाचला.

अटकेची बातमी छापू नका असं मी म्हणत नाही. लोकांना कळायलाच हवं. पण 'फोडणारा' न लिहिता 'संशयित' लिहा आणि बेड्यांचा फोटो टाळा. ज्याचं नाव अटकेच्या दिवशी पहिल्या पानावर छापलं, तो सुटला की त्याच पानावर, त्याच नावाने छापा. आपलाही गठ्ठा रोज पहाटे माझ्याकडे येतो. तसा अंक आला तर तो मी सोप्यावर ठेवणार नाही, हाक मारून हातात देईन.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता, फोंडा